काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे : नवशिक्या वाहनधारकांसाठी मार्गदर्शन

काळ्या रंगाची मोटार घेतलेल्या बहुतेक वाहनधारकांना पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच एक प्रश्न पडतो. सावलीत लखलखीत दिसणारी गाडी ऊन पडताच किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहताच बारीक गोलाकार रेघांनी भरलेली का दिसते, आणि त्या रेघा घरी काढता येतात की पुन्हा रंगकाम करावे लागते, असा तो प्रश्न असतो. देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी याची उत्तरे परस्परविरोधी मिळतात. कोणी गॅरेजात रबिंग करून घ्यायला सांगतो, कोणी थेट सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक लेपाचा, आग्रह धरतो, तर कोणी टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय सुचवतो. हे ओरखडे बहुतेक वेळा घरीही काढता येतात. मात्र त्यासाठी रंगाचा अत्यंत पातळ असा वरचा थर थोडा झिजवावा लागतो आणि तो थर पुन्हा भरून येत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढील प्रत्येक निर्णय घ्यावा.

या रेघा कशा तयार होतात

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगाला चकाकी व संरक्षण देणारा पारदर्शक थर, असे एकावर एक थर असतात. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की धुळीचे कण या थरावर अतिसूक्ष्म चरे पाडतात. हेच चरे डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई व पॉलिश करणाऱ्या, दुकानांत स्वर्ल मार्क म्हणून ओळखले जातात.

हे चरे प्रत्यक्षात गोल नसून सर्व दिशांना पसरलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात, तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात आणि म्हणून वर्तुळांचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही तितकेच चरे असू शकतात, परंतु पांढरा रंग स्वतःच भरपूर प्रकाश परतवत असल्याने ते त्यात लपतात. काळा रंग बहुतेक प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे चऱ्यांवरून विखुरलेला थोडासा प्रकाशही ठळक दिसतो.

देगलूर परिसरात त्रास अधिक का होतो

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात, म्हणजे देगलूर व बिलोलीच्या बाजूला, दख्खनचा काळा बेसाल्ट मागे पडून ग्रॅनाइट व नाइस हे अधिक जुने खडक दिसू लागतात. अशा खडकांच्या झिजेतून आलेल्या वाळूत आणि धुळीत क्वार्ट्झ हे खनिज भरपूर असते. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झचे स्थान सातवे, म्हणजे काचेहूनही वरचे आहे, तर क्लिअर कोट काचेहून पुष्कळ मऊ असतो. मांजरा नदीच्या वाळूची वाहतूक, नांदेडकडून देगलूरमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१, खडी क्रशर आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा व माती या सर्वांमुळे गाडीवर बसणारी धूळ पुसून टाकण्याजोगी साधी राहत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, तर ते पाणी उन्हात वाळताना पांढरे डाग सोडते आणि ते डाग घासून काढण्याच्या प्रयत्नात नवे चरे पडतात.

आधी निदान, मग उपाय

गाडी स्वच्छ धुऊन, सावलीत उभी करून, एलईडी टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून फिरवत प्रत्येक भाग पाहावा. प्रकाशाची दिशा बदलली की वेगळे चरे दिसतात, त्यामुळे एकाच जागी उभे राहून केलेली तपासणी अपुरी ठरते. दिसणारे दोष साधारण पुढीलप्रमाणे ओळखता येतात.

- स्वर्ल मार्क: दिव्याभोवती दिसणारे बारीक जाळे. बोटाला किंवा नखाला काहीही जाणवत नाही. पॉलिशने निघते.
- होलोग्राम: उन्हात पाहण्याचा कोन बदलला की सरकत जाणारे धुरकट पट्टे. जोराने फिरणाऱ्या बफिंग मशीनच्या अकुशल वापराची ही खूण आहे. हलक्या पॉलिशने निघते.
- पाण्याचे डाग: गोल पांढरट कडा. वरवरचे असतील तर पाण्याच्या डागांसाठी मिळणाऱ्या खास द्रावणाने जातात. थरात खोल उतरले असतील तर पॉलिश करावे लागते.
- खोल ओरखडा: नख आडवे फिरवले असता अडकते. हा पॉलिशने पूर्ण काढण्याचा प्रयत्न करू नये. टच-अप किंवा रंगकाम हाच मार्ग आहे.

मॅट, म्हणजे मुद्दाम चकाकी न दिलेला, रंग असलेल्या गाडीवर पॉलिश कधीही करू नये. जुन्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही याची शंका असल्यास, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासून पाहावे. कापड काळे झाले तर वर पारदर्शक थर नसून थेट रंगच झिजत आहे असे समजावे.

आपल्यापुढील चार पर्याय

1. पॉलिश न करता धुण्याची पद्धत सुधारणे आणि वॅक्स लावणे. चरे हलके असतील आणि गाडी रोज शेतरस्त्याने जात असेल, तर हाच पर्याय शहाणपणाचा आहे. वॅक्समुळे काही चरे तात्पुरते झाकले जातात आणि थर झिजत नाही.
2. हाताने पॉलिश करणे. दाराच्या मुठीमागील जागेसारख्या छोट्या भागासाठी ठीक आहे. संपूर्ण गाडी हाताने समान दाबाने पॉलिश होत नाही आणि काळ्या रंगावर तो असमानपणा दिसून येतो.
3. डीए पॉलिशर वापरणे. डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन: याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मध्यबिंदूपासून थोडे सरकत डोलते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि जास्त दाब दिला की त्याचे फिरणे मंदावते. नवशिक्यासाठी हेच यंत्र योग्य आहे.
4. डिटेलिंग करणाऱ्या कारागिराकडे देणे. गाडीचे रंगकाम पूर्वी झाले असेल, थर पातळ झाला असेल किंवा स्वतःकडे सावलीची बंदिस्त जागा नसेल, तर हा पर्याय निवडावा.

एकाच दिशेने वेगाने फिरणारे रोटरी पॉलिशर, तसेच फरशी किंवा लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला लोकरीचे पॅड लावून केलेली जुळवणी, नवशिक्यांनी हाती घेऊ नये. या यंत्रांनी कडेवरचा क्लिअर कोट काही क्षणांत उडू शकतो.

लागणारे साहित्य

- डीए पॉलिशर आणि त्याला बसणारी फोमची पॅड: मध्यम पॉलिशिंगची किमान चार, मऊ फिनिशिंगची दोन.
- बारीक कणांचे फिनिशिंग पॉलिश, आणि ते अपुरे पडले तरच वापरण्यासाठी मध्यम कंपाउंड. कंपाउंडमध्ये झिजवणारे कण अधिक तीव्र असतात, पॉलिशमध्ये ते सौम्य असतात.
- क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारी लवचीक चिकणमातीसारखी वडी, आणि ती सरकवण्यासाठी फवारा.
- स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, साधारण डझनभर.
- दोन बादल्या, मायक्रोफायबरचा हातमोजा, गाडीचा शाम्पू.
- मास्किंग टेप, एलईडी टॉर्च, डोळ्यांसाठी चष्मा व तोंडाला मास्क.
- पाण्यात सुमारे १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून केलेले पुसण्याचे द्रावण.

शक्य असल्यास रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळवावे. ते सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरीही एखाद्या भागावर आकडा २०० मायक्रॉनच्या बराच वर गेला तर तेथे पूर्वी रंगकाम झाले असण्याची शक्यता असते, आणि ८०-९० च्या खाली आला तर त्या भागावर पॉलिश न करणेच सुरक्षित असते. पत्र्यासाठीची ही साधी यंत्रे प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाहीत.

क्रमवार कृती

1. वेळ व जागा निवडावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हातला काळा पत्रा हाताला चटका देतो; अशा पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि वारा न लागणारी छपराखालची जागा निवडावी. पत्र्यावर तळहात सहज ठेवता आला पाहिजे.
2. गाडी धुवावी. प्रथम पाण्याच्या धारेने सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी ठेवावे. प्रत्येक भागानंतर हातमोजा साध्या पाण्यात खळबळूनच पुन्हा शाम्पूत बुडवावा. टपापासून खाली येत जावे, चाके शेवटी वेगळ्या कापडाने धुवावीत आणि पाणी वाळण्याआधी गाडी कोरडी करावी.
3. चिकटलेले कण काढावेत. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटे रंगावरून फिरवली असता खरखर जाणवली, तर भरपूर फवारा मारून क्ले बार हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. तिला चिकटलेली वाळूच नवे ओरखडे पाडते.
4. टेप लावावी. रबर, काळे प्लास्टिक, चिन्हे आणि पत्र्याच्या धारदार कडा झाकाव्यात. कडांवर आणि घड्यांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो.
5. चाचणी घ्यावी. डिकीच्या झाकणावर सुमारे दीड फूट लांब-रुंद चौकोन आखून सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅड, वापरून पाहावी. समाधान न झाल्यास आधी पॅड बदलावे, मगच कंपाउंडकडे वळावे. जी सौम्यतम जोडी पुरेशी ठरेल, तीच संपूर्ण गाडीला वापरावी.
6. पॉलिश करावे. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्यावेत, यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवावे, कमी वेगावर पॉलिश पसरावे आणि मग सहा टप्प्यांच्या यंत्रावर चौथ्या-पाचव्या टप्प्यावर काम करावे. यंत्र दर सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे सरकवावे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्यावा, आणि एकदा उभे, एकदा आडवे अशा चार ते सहा फेऱ्या कराव्यात. पॅडमागील चकतीवर आधीच पेनाने एक रेघ ओढून ठेवली, तर पॅड फिरत आहे की केवळ थरथरत आहे हे दिसते. ते थांबत असल्यास दाब कमी करून पॅड सपाट धरावे.
7. पुसून तपासावे. पॉलिशमधील तेले चरे तात्पुरते भरून टाकतात, म्हणून अल्कोहोलच्या द्रावणाने पुसल्यावर टॉर्चखाली जे दिसेल तेच खरे मानावे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावे आणि दोन-तीन मोठ्या भागांनंतर ताजे पॅड घ्यावे.
8. संरक्षक थर द्यावा. वॅक्स साधारण एक ते तीन महिने टिकते, तर सिंथेटिक सीलंट त्याहून काही महिने अधिक टिकते. पहिल्या खेपेस हे पुरेसे आहे.

संपूर्ण गाडी एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. एका सकाळी बॉनेट व पुढचे मडगार्ड, दुसऱ्या सकाळी एका बाजूची दारे, असे काम वाटून घेतल्यास थकव्याने होणाऱ्या चुका टळतात. प्लास्टिकचे बंपर उष्णता लवकर सोडत नसल्याने तेथे फेऱ्या कमी कराव्यात.

हमखास होणाऱ्या चुका

- शंभर टक्के चरे काढण्याचा प्रयत्न. बहुतेक चरे गेले आणि दोन-चार खोल रेघा उरल्या, तर थांबावे. त्या रेघांसाठी भोवतीचा चांगला थर झिजवण्यात तोटाच आहे. क्लिअर कोटची ऊन रोखण्याची क्षमता त्याच्या जाडीवर अवलंबून असते. थर फार पातळ झाला की काही वर्षांत तो पांढरा पडून सोलू लागतो.
- टूथपेस्ट, भांडी घासण्याची पावडर, थिनर किंवा पेट्रोल वापरणे. पहिल्या दोन्हींतील कण रंगासाठी बनवलेले नसतात आणि नंतरची दोन द्रावके रंगाला व रबराला अपाय करू शकतात.
- कोटिंगने चरे जातील असे समजणे. सिरॅमिक कोटिंग पारदर्शक असते. खालचे चरे तसेच राहतात आणि कोटिंग काढल्याशिवाय त्यांपर्यंत पोहोचता येत नाही. आधी पॉलिश, मगच कोटिंग.
- कोटिंगच्या जाहिरातीतील ‘९एच’ या अक्षरांवर विसंबणे. हा आकडा पेन्सिलींच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या मोजपट्टीवरचा नाही. मांजरेची वाळू अशा कोटिंगवरही चरे पाडू शकते.
- दर सणाला पॉलिश करणे. यंत्राने केलेले पॉलिश वर्षानुवर्षे पुरवायचे असते. मधल्या काळात फक्त धुणे आणि वॅक्स.

ओरखडे पुन्हा पडू नयेत म्हणून

धुण्याची पद्धत बदलली नाही, तर महिनाभर खपून केलेले पॉलिश पुढच्या महिन्यात वाया जाते. झटकणी आणि खांद्यावरचे फडके गाडीपासून दूर ठेवावे. वॉशिंग सेंटरवर गाडी द्यावी लागली, तर फक्त दाबाच्या पाण्याने धुवायला सांगून पुसण्यासाठी आपली कापडे द्यावीत. तेथील एकच फडके ट्रॅक्टरपासून मोटारीपर्यंत सर्वत्र फिरत असण्याची शक्यता असते. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर टाकू नये, कारण वाऱ्याने हलणारे कव्हर धूळ घासत राहते.

दसऱ्याच्या पूजेत बॉनेटवर थेट हळद-कुंकू लावण्याऐवजी ते नंबर प्लेटवर किंवा काचेवर लावावे आणि नंतर कोरडे न पुसता पाण्याने वाहून जाऊ द्यावे. लग्नासाठी गाडी सजवताना सेलोटेप आणि तारेने बांधलेले हार रंगाला लागू देऊ नयेत. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक ओल्या कापडाने मऊ करून त्याच दिवशी उचलावा.

पाणीटंचाईचा प्रश्न या भागात खरा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा काळात रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने खळबळण्याची गरज नसलेले द्रावण, उपयोगी पडते. एका बादलीत ते मिसळून, आधी गाडीवर फवारून धूळ भिजवून, प्रत्येक भागासाठी कापडाची नवी बाजू वापरत पुसल्यास एका बादलीत गाडी स्वच्छ होते. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीवर ही पद्धत वापरू नये.

कारागिराकडे काम देताना आपले हक्क

नांदेड, लातूर किंवा हैदराबादेत गाडी डिटेलिंगसाठी देताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात.

- कामापूर्वी टॉर्चखाली काढलेली प्रत्येक भागाची छायाचित्रे आणि शक्य असल्यास जाडीची मोजणी.
- कामाचे टप्पे: एक टप्पा की दोन, डीए की रोटरी, शेवटी अल्कोहोलने पुसून दाखवणार की नाही.
- कोटिंगचे नाव, हमीचा काळ आणि हमी टिकण्यासाठीच्या अटी.
- पक्के बिल. तोंडी हमी पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

गाडी ताब्यात घेताना ती उन्हात उभी करून पाहावी. नवी गाडी घेतानाही हेच करावे, आणि विक्रेत्याला ताबा देण्यापूर्वी गाडी पॉलिश न करण्याची लेखी सूचना द्यावी. सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डावर ‘गाडी धुऊ नये’ असे लिहून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

निष्काळजी कामामुळे क्लिअर कोट जळाला किंवा ठरलेले काम झाले नाही, तर ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. प्रथम लेखी तक्रार करून दुरुस्ती मागावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. या कायद्यामुळे दुकान हैदराबादेत असले, तरी तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या आयोगाकडे, तक्रार दाखल करू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रार करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, म्हणून छायाचित्रे आणि बिल जपून ठेवावे.

काळा रंग निवडलेल्या प्रत्येक वाहनधारकाने यंत्र विकत घेण्याआधी दोन बादल्या, एक हातमोजा आणि चांगली कापडे घ्यावीत, महिनाभर योग्य पद्धतीने गाडी धुवावी आणि त्यानंतरच पॉलिशचा निर्णय घ्यावा. या एका महिन्यात हात तयार होतो, आणि नवे ओरखडे थांबल्यावर जुने काढण्यासाठी एकदाच, कमीत कमी थर झिजवून केलेले काम पुढे अनेक वर्षे टिकते.